उशीतला श्वास

कोकमांचे पहिले क्रेट आले त्या दिवशी कल्याणीच्या लक्षात आलं, की शर्वरी यंदा शेडमध्ये पाऊल टाकणार नाही.

वाशेळीच्या खाडीकाठी कल्याणी आंगणे आणि मंजिरी पेडणेकर या दोघी मैत्रिणींनी मिळून कोकमाचा लहानसा कारखाना काढला होता. खारवलेल्या रसाचं आगळ, वाळवलेली सोलं, सरबत. दोघींच्या मुली, शर्वरी आणि जुईली, याच शेडमध्ये कोकमं फोडत, एकमेकींच्या फ्रॉकवर रस उडवत मोठ्या झालेल्या. त्या सकाळी शर्वरी दारापर्यंत आली. आत बायकांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. ते तिने पाहिलं आणि वळून घरी गेली. कल्याणी मागोमाग पोचली तेव्हा ती न्हाणीघरात, नळ सोडून, भिंतीला पाठ लावून बसली होती. पाणी बादलीतून वाहून चाललं होतं.

जानेवारीत, स्नेहसंमेलनाच्या तालमीच्या दुपारी, शाळेचाच एक माजी विद्यार्थी गावठी पिस्तूल घेऊन सभागृहात शिरला होता. तीन मुलं आणि खेळाचे सर गेले. त्या तिघांत जुईली होती. तो मुलगा कोठडीत होता आणि हे त्याने का केलं ते अजून कुणालाच सांगत नव्हता.

शर्वरीला खरचटलंसुद्धा नव्हतं. लोक तेच सांगायचे, देवाची कृपा म्हणून. पण तेव्हापासून ती सलग झोपली नव्हती. ताटात वाढलेलं चिवडायची. स्कूटर सुरू झाली की दचकायची. त्या दुपारबद्दल विचारलं तर म्हणायची, "मला काही आठवत नाही." वडील बोटीवर होते; ते व्हिडिओ कॉलवरून विनोद सांगायचे आणि ती फोन आईच्या हातात परत द्यायची.

महिनाभराने मंजिरी कामावर आली. पहिल्यासारखी हंगामाची तयारी करू लागली, बायकांना सूचना देऊ लागली. जुईलीचं नाव तिने काढलं नाही, आणि शर्वरीला तर एकदाही काही विचारलं नाही. शर्वरीही तिला टाळायची, आणि कधी समोरून आलीच तर मंजिरी आपलं काही काम काढून बाजूला व्हायची. कल्याणीचा दोघींसाठीही जीव तुटायचा, पण मधे पडायचं कसं ते तिला कळत नव्हतं.

गोळीबारानंतर आठवड्याभरात पुण्याहून एक पथक आलं होतं. त्यांनी शाळेच्या प्रत्येक मुलाच्या, आणि घरी त्याच्याजवळ असणाऱ्या मोठ्यांच्याही, मनगटावर एक मऊ राखाडी पट्टा बांधला. पट्टा बोलणं ऐकत नसे, फोटो काढत नसे. हृदयाचे ठोके, श्वास, कातडीवरचा घाम आणि आजूबाजूला आणखी कुठले पट्टे आहेत, एवढंच तो टिपायचा. या यंत्रणेला त्यांनी नाव दिलं होतं, सोबत.

कोकमं आली त्या आठवड्यात पथकातल्या डॉक्टर केळुसकरांनी कल्याणीला आरोग्य केंद्रात बोलावून घेतलं. पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई. त्यांनी पडद्यावर शर्वरीचा आलेख लावला.

"कल्याणीताई, आपलं हृदय घड्याळासारखं चालत नाही," त्या म्हणाल्या. "श्वास घेताना ठोके जरा लवकर पडतात, सोडताना जरा उशिरा. हे मागेपुढे होणं चांगलं. शरीर सैल आहे, आजूबाजूला धोका नाही, असा त्याचा अर्थ. मूल फार घाबरलं की हे मागेपुढे होणं थांबतं. ठोके एकसारखे, ताठ पडायला लागतात. मेंदूतली धोक्याची घंटा वाजतच राहते. आपण लाख सांगितलं की बाळ, आता काही नाही, तरी घंटेला शब्द कळत नाहीत."

"मग तिला काय कळतं?"

"दुसरं शरीर. तान्हं मूल आईच्या छातीवर कसं शांत होतं? आईचा श्वास, तिचे ठोके, यांच्यामागून त्याचे ठोके चालायला लागतात. मोठेपणीही ते होतं, फक्त आपल्याला कळत नाही. वर्गात, मधल्या सुट्टीत, कोण जवळ असताना कुठल्या मुलाचे ठोके सैल होतात, ते आमची यंत्रणा शोधते."

कल्याणीला वाटलं, बाई आता आपलंच नाव घेणार. आई जवळ असताना शर्वरीचे ठोके किती सैल होतात, त्याची रेघ आलेखावर होती. ती जवळपास सपाट होती.

"वाईट वाटून घेऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हीही घाबरलेल्या आहात. तिच्या शरीराला ते कळतं. पण हे बघा." फेब्रुवारीच्या सुरुवातीला, तात्पुरते वर्ग बाजार समितीच्या हॉलमध्ये भरत होते तेव्हा, काही दिवस शर्वरीची रेघ लाटांसारखी वरखाली झाली होती. मग एकदम पुन्हा ताठ. "त्या दिवसांत एक मुलगी तिच्या मागच्या रांगेत बसत होती. ती यायची बंद झाली आणि हे असं झालं. त्या मुलीचा आलेखही अगदी असाच आहे. शर्वरी जवळ असताना सैल, नंतर ताठ. तिच्या घरच्यांनी नाव सांगायला परवानगी दिलीय. तुमची तयारी असेल तर सांगते."

"सांगा की. आजच्या आज घेऊन येते तिला घरी."

डॉक्टरांनी पडदा बंद केला. "गार्गी," त्या म्हणाल्या.

कल्याणीने खुर्ची मागे सरकवली. वाशेळीत त्या वयाची गार्गी एकच होती. ज्याने पिस्तूल चालवलं त्याची धाकटी बहीण. ती फेब्रुवारीत वर्गात येऊन बसली तेव्हा पालकांनी आरडाओरडा केला होता आणि ती यायची थांबली. आई-वडील कोर्टकचेरीसाठी जिल्ह्याच्या गावी, आणि ती खाडीपलीकडे आत्याकडे.

"दुसरं कुणी नाही का?" कल्याणीने विचारलं.

"एवढं जवळचं नाही. का, ते यंत्राला माहीत नसतं. मलाही नाही." मग त्यांनी कपाटातून एक उशी काढली. साधी, पांढऱ्या अभ्र्याची. "दुसरा एक मार्ग आहे. गार्गीचा श्वास आणि ठोके आम्ही नोंदवून घेतलेत. ही उशी तिच्यासारखी वरखाली होते, तेवढीच ऊब देते, तसाच आवाज करते. आणि ती नुसती नोंद वाजवत नाही. शर्वरीच्या पट्ट्याकडे बघून मागेपुढे होते, माणूस होतं तशी. समोरासमोर भेटण्याच्या तोडीची नाही, पण बरीचशी. कुणाचा श्वास आहे ते मुलांना सांगत नाही आम्ही."

"गार्गीने दिला, कुणासाठी ते माहीत नसताना?"

"विचारलं तिने. म्हटलं, आता सांगता येणार नाही. म्हणाली, मग असू दे, घ्या."

कल्याणीने उशी घेतली. वाटेत तिने मनाला बजावलं, की यात कुणाचं काहीच जात नाही. मंजिरीला कळायचं कारण नाही, गावात बोभाटा नाही, आणि पोरीला झोप मिळेल.

झोप मिळाली. पहिल्या दिवशी शर्वरीने उशी नुसती चाचपून पाहिली, दुसऱ्या दिवशी पोटाशी धरली. आठवड्याभरात ती सकाळी उजाडल्यावर उठू लागली. एकदा तिने आमटी मागून घेतली आणि कल्याणी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडली. मंजिरीला तिने सांगितलं, की डॉक्टरांच्या नव्या उपचाराचा गुण येतोय. मंजिरी म्हणाली, "बरं झालं बाई," आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. कल्याणीला त्या दिवशी तिच्याकडे बघवलं नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी कल्याणी जेवायला घरी आली, तर शर्वरी पलंगावर उशीला कान लावून पडलेली. डोळे उघडे.

"आई, इकडे ये. ऐक."

कल्याणीने कान लावला. श्वास आत, श्वास बाहेर. सोडताना शेवटाला एक बारीकशी शीळ, दम लागणाऱ्या माणसाची असते तशी.

"ही गार्गी आहे," शर्वरी म्हणाली.

कल्याणीने झटकन डोकं उचललं, आणि तेवढ्याने पोरीला उत्तर मिळालं.

"तुला कसं कळलं?" कल्याणीने शेवटी विचारलं.

"तिला दमा आहे. आम्ही स्टेजखाली होतो, दोघी. त्या लाकडी झाडांच्या मागे. तिचं तोंड इथे होतं, माझ्या कानाशी." शर्वरीने मानेजवळ हात लावला. "हाच आवाज येत होता. मला वाटत होतं, हा आवाज येतोय तोवर आपण जिवंत आहोत."

कल्याणी तिच्या शेजारी बसली. चार महिन्यांत पोरीने त्या दुपारबद्दल काढलेले हे पहिले शब्द. तिला जवळ घ्यावं की नुसतं ऐकावं ते कल्याणीला सुचेना, म्हणून ती ऐकत राहिली. पण शर्वरी तिथेच थांबली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि तिच्याकडे कोण आहे? तिला दिलीय का अशी उशी, माझी?"

हा प्रश्न कल्याणीला सुचलाच नव्हता. तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, शर्वरीच्या नोंदीची परवानगी मी मागणारच होते. पण खरं विचाराल तर गार्गीच्या बाबतीत उशीने भागेल असं मला वाटत नाही. ती मुलगी घराबाहेरच पडत नाही.

"मला तिच्याकडे जायचंय," शर्वरी म्हणाली.

"मंजूमावशीला काय सांगायचं?"

"ते मला माहीत नाही. पण तिचा श्वास घ्यायचा आणि तिला तिकडेच ठेवायचं, हे मला नाही जमणार."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तरीच्या होडीने दोघी पलीकडे गेल्या. गार्गीची आत्या, सुमती, दारात उभी राहिली ती बाजूला होईना. "कशाला आलात?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा. तिच्या भिंतीवर कुणीतरी डांबराने काहीतरी लिहिलं होतं आणि तिने त्यावर चुना फासला होता. कल्याणीने सांगायला सुरुवात केली, पण तोवर शर्वरी सुमतीच्या हाताखालून आत गेली होती.

मागच्या पडवीत गार्गी फणसाचे गरे साफ करत बसली होती. वाळलेली, केस कसेतरी बांधलेले. शर्वरीला पाहून ती उठली आणि भिंतीपर्यंत मागे सरकली.

"तुझं नाव नव्हतं सांगितलं मला," शर्वरी म्हणाली. "मीच ओळखलं."

"उशी तुला दिली होती?"

"हो."

गार्गी खाली बसली. शर्वरी तिच्याजवळ, पण जरा अंतर ठेवून. कल्याणी आणि सुमती दारात थांबल्या. गार्गीने एक गरा साफ करून ताटात ठेवला. मग गार्गी म्हणाली, "मी दादाचा आवाज ओळखला होता."

"माहीत आहे मला."

"मी उठत होते. मी त्याला हाक मारली असती तर तो थांबला असता. माझं ऐकायचा तो."

"मी तुला धरून ठेवलं," शर्वरी म्हणाली. "दोन्ही हातांनी. तू सोड म्हणत होतीस आणि मी सोडलं नाही. त्याच्यानंतर परत आवाज आले. जुई त्या बाजूच्या विंगेत होती." तिचा आवाज कापरा झाला होता, पण ती थांबली नाही. "मला सगळं आठवतं. मी आईला खोटं सांगितलं."

चार महिने पोर मंजूमावशीसमोर का येत नव्हती, लाल हात बघून का पळाली, ते आता कल्याणीला कळलं. ती पुढे व्हायला निघाली तेव्हा सुमतीने तिच्या दंडावर हात ठेवला. "थांबा जरा," ती हळूच म्हणाली. "दोघींना बोलू द्या."

दोन्ही मुली रडल्या. आधी गार्गी, मग शर्वरी. मग शर्वरीने ताटातला गरा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाली, "कापा नाही, बरका आहे हा, गिळगिळीत," आणि गार्गी म्हणाली, "मग खाऊ नको ना." मनगटांवरचे पट्टे काय टिपत होते कोण जाणे. कल्याणीला मात्र एवढंच दिसलं, की दोघींचे खांदे एकाच वेळी वर होत होते आणि एकाच वेळी खाली येत होते.

त्यानंतर त्या वरचेवर जाऊ लागल्या. मंजिरीला सांगायला मात्र कल्याणीला धीर होईना. रोज शेडमध्ये जाताना ती ठरवायची आणि रोज काहीतरी निमित्त काढायची. शेवटी तरीवरच्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी आपण सांगावं, म्हणून एका सकाळी सोलं वाळत घालताना तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांचा आलेख, उशी, गार्गी. स्टेजखालचं मात्र सांगितलं नाही; ते शर्वरीचं होतं.

मंजिरी हातातली सोलं पसरत राहिली. पसरून झाल्यावर म्हणाली, "त्याच्या बहिणीचा श्वास. तुझ्या पोरीला."

"हो."

"आणि मी विचारत होते, आज झोपली का, जेवली का. तू म्हणत होतीस, नवा उपचार आहे."

"मंजू, मला तुला दुखवायचं नव्हतं."

"तुझी पोर आहे ना समोर. तिच्यासाठी तू काय वाटेल ते करशील. मीही केलं असतं." मंजिरीने हात धुतले, पुसले आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतरही आली नाही. ऐन हंगामात कल्याणीने एकटीने शेड ओढली. बायका तिच्यासमोर बोलायच्या नाहीत, पण तिच्यामागे बोलत होत्या.

एका सकाळी शर्वरीने चपला घातल्या. "मी मंजूमावशीकडे जाऊन येते," ती म्हणाली. कल्याणी तिच्याबरोबर निघाली, तर म्हणाली, "तू बाहेर थांब."

कल्याणी पेडणेकरांच्या अंगणात जास्वंदीपाशी उभी राहिली. उघड्या खिडकीतून शर्वरीचा आवाज येत होता, एका सुरात, न थांबता, धडा म्हणावा तसा. स्टेज, लाकडी झाडं, गार्गी, दोन्ही हात, नंतरचे आवाज. मग तो थांबला. कल्याणीला वाटलं, आता मंजिरी रडेल, ओरडेल, पोरीला बाहेर घालवेल. तिने पाऊल उचललं.

"कोण आधी आणि कोण नंतर, ते मला पोलीसही सांगू शकले नाहीत," आतून मंजिरी म्हणाली. आवाज घोगरा होता. "मीही पुढे विचारलं नाही. तू हे डोक्यात घेऊन एवढे दिवस माझ्यासमोरून पळत होतीस?"

"मी सोडलं असतं तर..."

"सोडलं असतंस तर ती पण गेली असती. आणि तिच्यामागून तू. धरून ठेवलंस ते बरं केलंस. ऐकू आलं का? बरं केलंस." मग आतून भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग मंजिरीच पुन्हा म्हणाली, "मला वाटायचं, तुला माझं तोंड बघवत नाही. म्हणून मी बाजूला व्हायची."

त्या दिवशी शर्वरी जेवायला मंजिरीकडेच राहिली. कल्याणीला मात्र कुणी आत बोलावलं नाही, आणि तीही गेली नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधी मुख्याध्यापिकांनी पालकांची सभा घेतली. गार्गीने नाव परत घालायचं ठरवलं होतं आणि त्यावर गावात कुजबूज चालली होती. डॉक्टर केळुसकर पुण्याहून आल्या. त्यांनी दोन मुलींचे आलेख दाखवले आणि सांगितलं, की यंत्र दोष कुणाचा ते बघत नाही, कोण कुणामुळे सावरतंय तेवढंच बघतं. लोकांनी ऐकून घेतलं. पण मागून कुणीतरी म्हणालं, "ते सगळं ठीक आहे, पण ज्यांची गेली त्यांनी रोज तिचं तोंड बघायचं का?"

कल्याणी बोलायला उभी राहिली. तिने घरून वाक्यं जुळवून आणली होती, पण ती सगळी विसरली. "ती पण स्टेजखालीच होती," एवढंच ती म्हणाली, आणि खाली बसली.

तेव्हा कडेच्या खुर्चीवरून मंजिरी उठली. ती आलीय हे कल्याणीला माहीतही नव्हतं.

"ज्यांची गेली त्यांतली मी एक," मंजिरी म्हणाली. "बाकीच्यांचं मी बोलत नाही, त्यांचं त्यांनी बोलावं. माझं एवढंच आहे. तिला येऊ दे. फक्त जुईच्या बाकावर बसवू नका."

ती पुन्हा खाली बसली नाही, तशीच बाहेर पडली. कल्याणी धावत मागे गेली. आवारात पाण्याच्या टाकीपाशी दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"मंजू."

"मी तिच्याशी बोलणार नाही, कल्याणी. एवढ्यात तरी नाही. कधी बोलेन, तेही सांगता येत नाही."

"नको बोलूस."

"आणि तुझ्यावरचा राग पण अजून गेलेला नाही."

"माहीत आहे."

मंजिरीने पदराने मान पुसली. आत सभा पुन्हा सुरू झाली होती. दुसऱ्या एका गेलेल्या मुलाचे वडील बोलत होते. शब्द कळत नव्हते, पण आवाज चढलेला नव्हता. दोघी तिथेच उभ्या राहून ऐकत राहिल्या.

"आगळ गाळून झालं का?" बऱ्याच वेळाने मंजिरीने विचारलं.

"अर्धं राहिलंय."

"येते उद्या," मंजिरी म्हणाली आणि फाटकाकडे चालू लागली.